जोडताऱ्यांचे घड्याळ: पार्क्सपासून खोडदपर्यंत



यंदा कोजागिरीला मसाला दुधाचे पेले हातात घेऊन आम्ही ब्लॅकटाउनमध्ये जमलो होतो. आठवीतल्या एका मुलाने प्रश्न विचारला, "काका, गुरुत्वीय लहरी मोजायला चार किलोमीटर लांबीचे यंत्र लागते ना? मग चंद्र तर कितीतरी लांब आहे. त्याचा उपयोग का नाही करत?" मोठ्यांपैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. घरी जाऊन वाचायला बसलो, तेव्हा कळले की शास्त्रज्ञ अगदी हाच प्रश्न विचारत आहेत. शिवाय या विषयात आपली दोन्ही घरे आहेत, न्यू साउथ वेल्स आणि महाराष्ट्र. म्हणून या वेळच्या माहितीपर लेखासाठी हाच विषय घेतला आहे. शाळेतल्या मुलांना प्रकल्पासाठी उपयोग व्हावा म्हणून शेवटी शब्दांची ओळखही दिली आहे.

जोडतारे म्हणजे काय?

एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे म्हणजे जोडतारे. आकाशात ते मुळीच दुर्मीळ नाहीत. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती अरुंधती आणि तिच्या शेजारचा वसिष्ठ ही जोडी सर्वांना ठाऊक आहे. नुसत्या डोळ्यांना दोन दिसणाऱ्या या ताऱ्यांत प्रत्यक्षात सहा तारे आहेत. वसिष्ठात चार आणि अरुंधतीत दोन. सिडनीहून सप्तर्षी क्षितिजाला इतके चिकटलेले असतात की वसिष्ठ-अरुंधती दिसतच नाहीत म्हटले तरी चालेल. इथे लग्न लावणाऱ्या भटजींना ही अडचण चांगलीच माहीत आहे!

पण आपल्या दक्षिणेच्या आकाशात दुसरी जोडी आहे. त्रिशंकूकडे बोट दाखवणारे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे ब्लॅकटाउनच्या दिव्यांच्या उजेडातही दिसतात. त्यातला मित्र हा खरा जोडतारा आहे. त्याचे दोन मुख्य तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात.

जोडताऱ्यांची फेरी ठराविक वेळात होते, म्हणजे ते एक घड्याळच आहे. घड्याळ मागे पडू लागले किंवा पुढे धावू लागले, तर त्यामागे काहीतरी कारण असणार. या लेखाचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

घड्याळातले घड्याळ: पल्सार

साध्या ताऱ्यांची फेरी फार बारकाईने मोजता येत नाही. त्यासाठी निसर्गाने दिलेले साधन म्हणजे पल्सार. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी स्फोट होऊन कोसळला की कधी कधी त्याचा गाभा न्यूट्रॉन तारा बनून उरतो. व्यास अवघा २० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ब्लॅकटाउन ते पॅरामाटा जाऊन यावे इतका, पण वस्तुमान आपल्या सूर्यापेक्षा जास्त. तो गरागरा फिरतो आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचा रेडिओ झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. प्रत्येक वेळी रेडिओ दुर्बिणीत एक ठोका ऐकू येतो. जोसेलिन बेल यांना असा पहिला तारा १९६७ साली सापडला.

हा पल्सार जर दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत असेल, तर तो आपल्याकडे येताना ठोके थोडे लवकर पोहोचतात आणि दूर जाताना थोडे उशिरा. त्या फरकावरून त्याच्या कक्षेचा आकार, वेग आणि फेरीचा काळ काढता येतो.

पहिला पुरावा: १९७४

रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ साली पोर्तो रिकोच्या अरेसिबो दुर्बिणीतून अशी पहिली जोडी सापडली. त्यातला पल्सार सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरतो आणि पावणेआठ तासांत जोडीदाराभोवती फेरी मारतो.

आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार अशा जड ताऱ्यांनी एकमेकांभोवती फिरताना अवकाशातच लहरी उठवायला हव्यात. पाण्यात हात फिरवला की लाटा उठतात तशा. लाटांबरोबर ऊर्जा बाहेर जाते, म्हणून दोन्ही तारे हळूहळू जवळ यायला हवेत आणि फेरीचा वेळ कमी व्हायला हवा. अपेक्षित घट होती वर्षाला एका सेकंदाच्या सुमारे ७६ दशलक्षांश भागाइतकी.

एवढीशी घट कशी मोजायची? उत्तर सोपे आहे. ती साठू द्यायची. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा किंचित लवकर संपते आणि आधीचा सगळा फरक तसाच शिल्लक राहतो. तीस वर्षांत हा फरक साठून सुमारे ४० सेकंदांवर गेला आणि तो आइन्स्टाइनच्या गणिताशी तंतोतंत जुळला. ही घट पहिल्यांदा १९७९ साली प्रसिद्ध झाली तेव्हा टेलर यांच्या सहलेखकांत टास्मानिया विद्यापीठाचे पीटर मॅक्युलॉक होते. हल्स आणि टेलर यांना १९९३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुरुत्वीय लहरी यंत्रात प्रत्यक्ष पकडल्या गेल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी. म्हणजे त्याआधी पस्तीसहून अधिक वर्षे या लहरींचा सर्वांत भक्कम पुरावा एका जोडताऱ्याची कक्षा हाच होता.

पार्क्सचा शोध: दोन्ही पल्सार

आता आपल्या घराजवळ येऊ. ब्लॅकटाउनहून ब्लू माउंटन्स ओलांडून बॅथर्स्ट, ऑरेंजमार्गे साडेतीनशे किलोमीटरच्या आत पार्क्स गाव आहे. तिथली ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १९६१ सालापासून काम करते. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांची चित्रे जगाला दाखवण्यात तिचा वाटा होता. २००० सालचा 'द डिश' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २०२० साली तिला विराजुरी भाषेतले 'मुरियांग' हे नाव देण्यात आले.

या दुर्बिणीने २००३ साली एक अपूर्व जोडी शोधली. सुरुवातीला एकच पल्सार दिसला. तो सेकंदाला ४४ वेळा फिरत होता. नंतर लक्षात आले की त्याचा जोडीदारही पल्सारच आहे आणि तो २.८ सेकंदांत एकदा फिरतो. दोन्ही तारे पल्सार असलेली ही पहिलीच जोडी होती. तिचे नाव पीएसआर जे०७३७-३०३९.

या शोधाचा निबंध 'नेचर' मासिकात आला. पहिले नाव इटलीच्या मार्टा बर्गे यांचे होते. सहलेखकांमध्ये सिडनीचे डिक मँचेस्टर होते, आणि त्याच यादीत पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे भालचंद्र जोशी यांचेही नाव आहे. आम्हाला हे वाचून फार आनंद झाला. पार्क्सच्या या सर्वांत गाजलेल्या शोधांपैकी एकात पुण्याचा हातभार आहे.

या जोडीचे काही आकडे असे:

- पृथ्वीपासून अंतर: सुमारे २४०० प्रकाशवर्षे
- एका फेरीचा काळ: जेमतेम २ तास २७ मिनिटे
- दोघांमधले अंतर: सुमारे ९ लाख किलोमीटर, म्हणजे सूर्याच्या व्यासापेक्षाही कमी
- वेग: ताशी सुमारे १० लाख किलोमीटर
- कक्षा आकसण्याचा वेग: दिवसाला सुमारे ७ मिलिमीटर
- दोघांची टक्कर: सुमारे साडेआठ कोटी वर्षांनी

दिवसाला ७ मिलिमीटर! २४०० प्रकाशवर्षांवरून हे मोजता येते, कारण इथेही फरक साठत जातो. सोळा वर्षांच्या निरीक्षणांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. लहरींमुळे कक्षा किती आकसावी याचे आइन्स्टाइनचे गणित त्यात सुमारे ९९.९९ टक्के अचूक ठरले.

मधल्या काळात दुसरा, संथ पल्सार २००८ साली दिसेनासा झाला. तो नष्ट झालेला नाही. त्याचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे त्याचा झोत आता आपल्यावरून जात नाही. पुन्हा केव्हातरी तो आपल्याकडे वळेल असा अंदाज आहे.

सूर जुळला की झोका वाढतो

इथवर आपण जोडतारे स्वतः लहरी कशा पाठवतात ते पाहिले. आता उलट प्रश्न. दुसरीकडून आलेली लहर जोडताऱ्यावरून गेली तर काय होईल?

झोपाळ्याचे उदाहरण घेऊ. झोपाळ्याला वाटेल तेव्हा ढकलले तर काही ढकला त्याला पुढे नेतील, काही अडवतील आणि शेवटी फारसे काही होणार नाही. पण झोपाळ्याच्या लयीत प्रत्येक वेळी हलकेच ढकलले, तर लहान मूलही मोठ्या माणसाला उंच झोका देऊ शकते. यालाच अनुनाद म्हणतात.

जोडताऱ्याची कक्षा हा असाच झोपाळा आहे. लहरीची लय आणि फेरीची लय जुळली, किंवा लहरीची लय फेरीच्या लयीच्या दुप्पट, तिप्पट असली, तर प्रत्येक फेरीतला इवलासा धक्का साठत जातो. मग फेरीचा काळ किंवा कक्षेचा लंबगोलपणा हळूहळू बदलू लागतो. ही कल्पना तशी जुनी आहे. २०१३ साली लॅम हुई आणि सहकाऱ्यांनी ती नव्याने मांडली, आणि २०२२ साली दिएगो ब्लास व अलेक्झांडर जेनकिन्स यांनी तिचे तपशीलवार गणित करून दाखवले.

याची गरज का? कारण प्रत्येक यंत्राला ठराविक सूरच ऐकू येतो. हार्मोनियमच्या पट्ट्या डोळ्यांसमोर आणा:

- वरच्या पट्ट्या: सेकंदाला दहा ते हजार आंदोलने. अमेरिकेतील लायगोसारखी जमिनीवरची यंत्रे या लहरी ऐकतात.
- मधल्या पट्ट्या: एका आंदोलनाला काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत वेळ. यासाठी युरोपची लिसा ही अवकाशयाने २०३५ च्या सुमारास सोडण्याची योजना आहे.
- अगदी खालच्या पट्ट्या: एका आंदोलनाला कित्येक वर्षे. यासाठी अनेक पल्सारांचे ठोके एकत्र ऐकतात.

लिसाच्या आणि पल्सारांच्या पट्ट्यांमध्ये एक मोठी मोकळी जागा राहते. तिथल्या लहरींच्या एका आंदोलनाला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या टक्कर होण्याच्या कितीतरी आधी याच सुरात गात असतात. विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांचे पडसादही इथे असू शकतात. हा सूर ऐकणारे यंत्र आज कोणाकडेही नाही. जोडताऱ्यांच्या फेऱ्या मात्र नेमक्या तासांच्या आणि दिवसांच्या असतात.

आणि आपला चंद्र?

त्या मुलाचा प्रश्न बरोबरच होता. पृथ्वी आणि चंद्र हीसुद्धा एक जोडी आहे. तिची फेरी २७.३ दिवसांची, म्हणजे बरोबर त्या मोकळ्या जागेत बसणारी.

अपोलो मोहिमांतील चंद्रवीरांनी १९६९ सालापासून तिथे खास आरसे ठेवले. पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडला की तो अडीच सेकंदांत परत येतो आणि त्यावरून चंद्राचे अंतर मिलिमीटरच्या हिशेबात कळते. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो हे असेच समजले. ब्लास आणि जेनकिन्स यांनी आपल्या गणितात पल्सारांबरोबर चंद्र आणि कृत्रिम उपग्रह या दोघांचाही समावेश केला आहे. उपग्रहांची अंतरे लेसरने मोजण्याचे काम आपल्या कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रोम्लोवरही चालते. २०२३ साली चांद्रयान-३ च्या विक्रमबरोबरही एक छोटा परावर्तक चंद्रावर गेला. तो मात्र चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांसाठी आहे, पृथ्वीवरून झोत टाकून मोजण्याइतका मोठा नाही.

मग चार किलोमीटरचे यंत्र कशाला? कारण त्याचा सूर वेगळा आहे. चंद्राची फेरी महिन्याची. सेकंदात शंभर वेळा थरथरणारी लहर त्याला जाणवणारच नाही. आणि चंद्राच्या बाबतीत भरती-ओहोटीपासून ग्रहांच्या ओढीपर्यंत सगळ्याचा हिशेब आधी चुकता करावा लागतो. त्यानंतर जे उरेल त्यातच लहर शोधायची.

कृष्णद्रव्याचा माग

दुसरा मोठा प्रश्न कृष्णद्रव्याचा. दीर्घिकांमधले तारे इतक्या वेगाने फिरतात की दिसणाऱ्या पदार्थाचे गुरुत्व त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ साली दीर्घिकांच्या समूहात अशीच विसंगती दिसली. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी ती एकेका दीर्घिकेत दाखवली. आजच्या हिशेबाने न दिसणारे हे द्रव्य दिसणाऱ्या पदार्थाच्या सुमारे पाचपट आहे.

आपल्या आसपास ते किती असेल? अंदाज असा की पृथ्वीच्या आकारमानाएवढ्या जागेत एका वेळी जेमतेम पाऊण किलो. आपल्या स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याइतके! त्यामुळे ते शोधणे किती कठीण आहे याची कल्पना यावी. जोडतारे इथे दोन प्रकारे मदत करतात.

पहिला प्रकार: आकाशगंगेचे वजन करणे. आकाशगंगेतले सगळे द्रव्य, दिसणारे आणि न दिसणारे, सूर्याला आणि पल्सारांना ओढत असते. ही ओढ फार सूक्ष्म आहे. सूर्याच्या बाबतीत दहा वर्षांत वेगात सेकंदाला सुमारे सहा सेंटिमीटरचा फरक, एवढीच. पण आपण आणि पल्सार वेगवेगळ्या ओढीखाली असल्याने त्याच्या फेरीचा काळ बदलत असल्याचा भास होतो. हल्स-टेलर जोडीचे गणित करताना हा भास वजा करावा लागतो. सुकन्या चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली उलटे केले. त्यांनी १४ जोडपल्सार घेतले, लहरींमुळे होणारी घट वजा केली आणि उरलेल्या भासावरून सूर्याच्या परिसरातील द्रव्याची घनता काढली. त्यातून ताऱ्यांचे आणि वायूचे वजन वजा केले की उरते ते कृष्णद्रव्य. एकाचा अडथळा तो दुसऱ्याचा पुरावा झाला.

दुसरा प्रकार: पुन्हा झोपाळा. कृष्णद्रव्याचे कण कसे आहेत हे कोणालाच माहीत नाही. एक शक्यता अशी की ते अतिशय हलके असतील, इलेक्ट्रॉनपेक्षा एकावर पंचवीस शून्ये इतक्या पटींनी हलके. असे कण सुटे कण म्हणून न वागता एका प्रचंड लहरीसारखे वागतील आणि सगळीकडचे गुरुत्व ठराविक लयीत किंचित कमीजास्त करतील. ही लय जोडताऱ्याच्या फेरीशी जुळली तर फेरीचा काळ सरकू लागेल. हे गणित ब्लास, लोपेझ नासिर आणि सिबिर्याकोव्ह यांनी २०१७ साली मांडले. वेगवेगळ्या कालावधीच्या जोड्या म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे कण पकडणारी जाळी. या मार्गाने कृष्णद्रव्य अजून सापडलेले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण न सापडण्यातूनही अमुक प्रकारचे कण अमुक प्रमाणापेक्षा जास्त नाहीत, असे ठरवता येते.

कल्याण, खोडद आणि औंढा नागनाथ

आता महाराष्ट्राकडे वळू. तिथली गोष्ट सिडनीतच सुरू होते.

गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९५३ साली कोलंबो योजनेतून सिडनीला आले. पॉट्स हिल येथे सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या होत्या. क्रिस ख्रिश्चनसेन यांनी त्या उभारल्या होत्या. त्यांचे पुढचे काम ब्लॅकटाउनच्या नैऋत्येस, केम्प्स क्रीकजवळच्या फ्लर्स येथे सुरू होणार होते आणि जुन्या तबकड्या निकामी ठरणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारताला देण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. १९६५ साली याच तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ती पहिली रेडिओ दुर्बीण. आज आपली मुले ज्या शहरात वाढत आहेत, तिथली टाकाऊ ठरलेली यंत्रे कल्याणला जाऊन कामाला लागली!

पुढे उटीची दुर्बीण झाली आणि मग जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना त्या अनेकांनी पाहिल्या असतील. स्वरूप यांचे २०२० साली पुण्यात निधन झाले.

याच दुर्बिणीवर भारतीय पल्सार गट काम करतो. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केले की कित्येक वर्षे लांबीच्या लहरींची संथ गुणगुण ऐकू येत असल्याचे पुरावे मिळत आहेत. त्यात युरोपीय आणि भारतीय गटांचा संयुक्त निष्कर्ष होता, तसाच पार्क्सच्या १८ वर्षांच्या नोंदींचाही होता. खात्रीचा शिक्का अजून बसायचा आहे. ही गुणगुण बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांची आहे. म्हणजे तीही जोड्यांचीच गोष्ट.

वरच्या पट्ट्यांसाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभे राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. या क्षेत्रातला पुण्याचा पाया जुना आहे. जयंत नारळीकर यांनी घडवलेल्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकापासून गोंगाटातून लहरींचा क्षीण संकेत वेचण्याच्या पद्धतींवर काम केले आहे.

ऐकत राहण्याची किंमत

वर वारंवार एक गोष्ट आली आहे. फरक साठावा लागतो. दहा-वीस-तीस वर्षे. त्यासाठी दुर्बीण टिकली पाहिजे आणि तिच्या भोवतीची रेडिओ शांतता टिकली पाहिजे. दोन्ही गृहीत धरता येत नाहीत. ज्या अरेसिबोवर ही गोष्ट सुरू झाली ती दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली.

खोडदचा प्रश्न वेगळा आहे. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आधी आखलेला मार्ग नारायणगाव परिसरातून जाणार होता. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे निरीक्षणात अडथळा येईल असा आक्षेप शास्त्रज्ञांनी घेतला आणि रेल्वे मंत्रालयाने मार्ग दुसरीकडून नेण्याचे ठरवले. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. कांदा, टोमॅटो, द्राक्षे पिकवणाऱ्या या भागाने रेल्वेची वाट कित्येक वर्षे पाहिली आहे. आमच्या वाचकांपैकीही काहींची गावे तिकडची आहेत. आम्हाला एवढेच म्हणावेसे वाटते की दुर्बीण वाचवायची असेल, तर तिची किंमत फक्त त्या गावांनी मोजू नये. त्यांच्या दळणवळणाची दुसरी सोय तितक्याच तातडीने व्हायला हवी. आणि ही शांतता कशासाठी राखायची, हे त्या गावांतल्या मुलांना सर्वांत आधी समजावे. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनाला आसपासच्या शाळांतील हजारो मुले येतात, ही त्या दृष्टीने फार चांगली गोष्ट आहे.

कुठे, काय पाहाल?

- फेब्रुवारीत रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास अंगणात उभे राहून सरळ वर पाहा. व्याधाच्या ठळक ताऱ्यापासून थोडे दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सरकले की पार्क्सने शोधलेल्या जोडपल्साराची दिशा येते. डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही. पण तिथे दोन तारे अडीच तासांहून कमी वेळात एकमेकांना प्रदक्षिणा घालत आहेत, हे मुलांना सांगता येईल.
- पार्क्सच्या दुर्बिणीजवळ अभ्यागत केंद्र आहे. शाळेच्या सुट्टीत एका मुक्कामाची सहल सहज होते. दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो, तो का, हे आता मुलेच तुम्हाला सांगतील.
- भारतभेट फेब्रुवारीअखेरीस असेल तर खोडदचे विज्ञान प्रदर्शन चुकवू नका.

शब्दांची ओळख

- जोडतारे: एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे.
- पल्सार: ठराविक लयीत रेडिओ ठोके देणारा न्यूट्रॉन तारा.
- गुरुत्वीय लहरी: जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग.
- अनुनाद: दोन लयी जुळल्यामुळे छोट्या धक्क्यांचा मोठा परिणाम होणे.
- कृष्णद्रव्य: प्रकाश न देणारे, फक्त गुरुत्वाने ओळखू येणारे द्रव्य.
- प्रकाशवर्ष: प्रकाशाने एका वर्षात कापलेले अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

ज्या मुलाने प्रश्न विचारला त्याला हा लेख आम्ही पहिल्यांदा वाचायला दिला. त्याचा पुढचा प्रश्न तयार आहे: "मग चंद्राने आतापर्यंत काही ऐकले आहे का?" उत्तर आहे, अजून नाही. मोजणी चालू आहे. तो मोठा होईपर्यंत पन्नास वर्षांच्या नोंदींत आणखी दहा-पंधरा वर्षांची भर पडलेली असेल, आणि त्या वाचणाऱ्यांत आपल्यापैकी कोणी असावे अशी आमची इच्छा आहे.

मुलांचे आणखी प्रश्न असतील तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर विचारा.